खजरान्याचा चहा आणि पोटातले जिवाणू

माळव्यात चहा उशिरा पोचला. इंदूर शहरातल्या खजराना भागातले गणेश मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधले असे परंपरा सांगते आणि साल देते १७३५. अहिल्याबाईंचा जन्म १७२५चा, म्हणजे तेव्हा त्या जेमतेम दहा वर्षांच्या. साल जपूनच घ्यावे. पण त्या काळी तिथे कोणी चहा पीत नव्हते, एवढे निश्चित. आसामच्या चहाची पहिली खेप लंडनला रवाना झाली तीच १८३८ साली. देशातल्या सामान्य माणसाच्या हातात कप आला तो विसाव्या शतकात. १९०३च्या कायद्याने चहावर उपकर बसला आणि पुढे त्या पैशातून रेल्वे स्टेशनांवर व बाजारांत प्रचार झाला. इंदूरला आगगाडी आधीच आली होती. तिच्यासाठी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते.

चहा आणि जिवाणू यांची एक गाठ मात्र इंदूरमध्येच पडली, आणि तीही पोटात नव्हे, उकिरड्यात. १९२४ साली येथे स्थापन झालेल्या वनस्पती-संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, मूत्रमिश्रित माती व राख थरांत रचून, ढीग उलथत काही महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. आधी बुरशी, मग जिवाणू हे काम करतात, हे त्यांनी १९३१च्या पुस्तकात मांडले. ‘इंदूर पद्धत’ पुढे चहाच्या मळ्यांनीही उचलली.

पानातल्या द्रव्यांचे पोटात काय होते, हा प्रश्न नंतरचा. ताज्या पानात कॅटेचिने असतात. काळा चहा करताना पाने चुरडून हवेशी संयोग होऊ देतात, तेव्हा त्यांतून थिआफ्लेविने आणि थिआरुबिजिने तयार होतात. चहाचा रंग आणि तुरटपणा बराचसा त्यांचाच. दुधात उकळण्याच्या आपल्या पद्धतीला सोयीची झाली ती १९३०च्या सुमारास आसामात निघालेल्या सीटीसी यंत्राची दाणेदार पत्ती. थिआफ्लेविने आणि थिआरुबिजिने यांचे मोठे रेणू लहान आतड्यात फारसे शोषले जात नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचे तुकडे करतात आणि छोटी फिनॉलिक आम्ले रक्तात जातात. उलट, हीच द्रव्ये काही जिवाणूंना रोखतात आणि काहींना वाढू देतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

कर्करोगाचा धागा इथे जोडला जातो. मोठ्या आतड्याच्या गाठींत फ्यूसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जिवाणू वारंवार सापडतो. दुसरीकडे, तंतुमय अन्नापासून जिवाणू बनवतात ते ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराचे पोषण करते. चहाच्या द्रव्यांनी उंदरांमधील गाठी कमी झाल्याचे प्रयोग आहेत. माणसांच्या पाहण्यांतून मात्र एकसारखा निष्कर्ष निघालेला नाही, आणि तिथे चार चमचे साखर व दूध घातलेल्या चहाचा हिशेब तर आणखी अवघड. तेव्हा चहा कर्करोग टाळतो असे पुड्यावर लिहिणे घाईचे ठरेल.

एक गोष्ट अधिक पक्की आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातली. तो धोका अन्ननलिकेचा आहे, कारण तापमान आहे. पान किंवा आतड्यातले जिवाणू यांचा त्यात संबंध नाही.