गोठ्यापर्यंत पोहोचलेला सल्ला

१९४६ साली तत्कालीन मुंबई प्रांतातील खेडा जिल्ह्याच्या पशुपालकांनी खासगी डेअरीला दूध देणे थांबवून स्वतःचा संघ स्थापन केला. त्रिभुवनदास पटेल गावोगाव सहकार समजावीत; १९४९ मध्ये आलेल्या डॉ. कुरियन यांनी तंत्र व व्यवस्थापन सांभाळले. पुढे दारी येणारा पशुवैद्य, कृत्रिम रेतन, संतुलित पशुखाद्य आणि स्निग्धांशानुसार मोबदला मिळू लागल्यावर दोन म्हशींचे घरही सावरले.

१९८० पासून देशभर राबविलेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात कर्जावर जनावरे दिली गेली. जेथे चारा, उपचार, सल्ला व बाजारपेठ नव्हती तेथे जनावर गेले, कर्ज उरले. प्रशासक या नात्याने मला वाटते, वाटलेल्या जनावरांपेक्षा तिसऱ्या वर्षी गोठ्यात उरलेली जनावरे मोजावीत.