बरं असतानाची गोळी

‘आता बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?’ बायपोलर आजाराशी गाठ पडलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. तो चुकीचाही नाही. ताप उतरला की औषध बंद, हेच आपण लहानपणापासून पाहत आलो. या आजारात दुखणं उलटू नये म्हणून चांगल्या दिवसांतही गोळी चालू ठेवायची, ही कल्पना लिथियमने रुजवली.

लिथियम १८१७ साली स्वीडनमधल्या ऊटो बेटावरच्या खनिजात सापडलं. एकोणिसाव्या शतकात ते गाउटवर दिलं जाई. पुढे सेव्हन-अप या पेयातही ते १९४८पर्यंत होतं.

ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड महायुद्धात चांगीच्या छावणीत साडेतीन वर्षं युद्धकैदी होते. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या रुग्णालयात, वापरात नसलेल्या एका कोठीच्या खोलीत त्यांनी गिनीपिगवर प्रयोग मांडले. उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काही विषारी द्रव्य असावं, असा त्यांचा तर्क होता. तो टिकला नाही. पण प्रयोगाच्या सोयीसाठी वापरलेल्या लिथियमच्या क्षारांनी प्राणी इतके शांत झाले, की उताणे केले तरी ते धडपडेनात. केड यांनी आधी स्वतः ते घेऊन पाहिलं आणि १९४८मध्ये पाच वर्षं उन्मादात असलेल्या एका ५१ वर्षांच्या गृहस्थांना दिलं. काही महिन्यांत ते घरी गेले, जुन्या कामावर रुजूही झाले. मग औषध सुटलं आणि दुखणं उलटलं. पुढची सगळी कथा खरं तर या पहिल्याच रुग्णात दिसत होती. औषधाची दुसरी बाजूही त्यांच्याच वाट्याला आली: १९५०मध्ये लिथियमच्या विषबाधेनेच ते गेले.

त्याच सुमारास अमेरिकेत हृदयरुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड दिल्याने मृत्यू झाले आणि औषध बदनाम झालं. ते सावरलं रक्ततपासणीमुळे. रक्तातलं प्रमाण मोजता येऊ लागलं, तसा डोस ताब्यात आला.

डेन्मार्कमध्ये पॉल क्रिस्टियन बास्ट्रुप यांना जुने रुग्ण तपासताना एक गोष्ट आढळली. बरं झाल्यावर गोळी थांबवायला सांगूनही काहींनी ती परस्पर चालूच ठेवली होती, आणि त्यांचे झटके थांबले होते. म्हणजे हा शोध आधी रुग्णांना लागला! मोगेन्स शू यांच्यासोबत त्यांनी १९६७मध्ये ८८ स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. लंडनच्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी लगेच हा भ्रम ठरवला. शू यांच्या भावाला वारंवार नैराश्य येई आणि लिथियमने त्याला उतार पडला होता. त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणावरही बोट ठेवलं गेलं. मला मात्र वाटतं, घरात दुखणं पाहिलेल्या माणसानेच इतकी चिकाटी धरावी.

उत्तर १९७०मध्ये आलं. लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ रुग्णांपैकी ४५ जणांना तीच गोळी, ३९ जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कुठली, हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. पाच महिन्यांत ३९पैकी २१ जणांचं दुखणं उलटलं. लिथियमवरच्या ४५पैकी एकाचंही नाही. त्या २१ जणांनी सोसलेलं विसरून हा आकडा वाचू नये.

१९७४ साली अमेरिकेने लिथियमला आजार उलटू न देण्यासाठी मान्यता दिली. आज व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन अशी इतर औषधंही आहेत, पण आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत लिथियमइतका आधार क्वचितच कुणाच्या मागे आहे. पथ्य मात्र कडक. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. प्रमाण बहुधा लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोलच्या आसपास ठेवतात. थायरॉइड आणि मूत्रपिंडं अधूनमधून तपासायची. जुलाब-उलट्या, कडक उन्हाळा, निर्जळी उपास, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं यांनी प्रमाण चढू शकतं. हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला किंवा बोलणं अडखळू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.