कॅथलिक स्तोत्रसंग्रह, अमेरिकेतील आरंभीचे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कॅथलिक उपासनेसाठी छापले गेलेले स्वरलिपीयुक्त गीतसंग्रह.

इंग्रजी वसाहतींत कॅथलिकांवर कायद्याने निर्बंध होते. उपासना बहुधा खाजगी घरांत चाले, त्यामुळे संगीतपरंपरा उशिरा रुजली. पहिला संग्रह फिलाडेल्फियात १७८७ मध्ये निघाला. त्याचा प्रकाशक जॉन एट्किन हा जन्माने स्कॉटिश व पेशाने चांदीकारागीर. धातूच्या पत्र्यावर ठशांनी स्वरचिन्हे उठवून तो छपाई करी. नंतर अमेरिकेतील पहिले कॅथलिक बिशप झालेले जॉन कॅरल (पहा : कॅरल, जॉन) यांची या संग्रहास संमती होती. लिटनी (प्रतिसादात्मक प्रार्थना), सायंप्रार्थना व मिस्सा (मुख्य उपासनाविधी) यांच्या लॅटिन रचनांबरोबर त्यात इंग्रजी गीतेही आहेत. काही सामग्री लंडनमधील कॅथलिक दूतावास-चॅपेलांच्या परंपरेतून आली. त्यानंतरचा बेंजामिन कार यांचा संग्रह १८०५ चा. स्पॅनिश कॅलिफोर्नियातील मिशन-गायन (पहा : दुरान, नार्सिसो) ही मात्र वेगळी, हस्तलिखितांची परंपरा होय.

मुख्य मिस्सेचे गायन लॅटिनमध्ये व प्रामुख्याने गायकवृंदाकडे असे. समुदायाची देशभाषीय गीते इतर भक्तिविधींत गायली जात. हा भेद येथे सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण एकोणिसाव्या शतकात समुदायगायनाचा प्रसार त्यामुळे मर्यादित राहिला. जर्मन स्थलांतरितांनी मात्र स्वभाषेतील गायनाची सवय सोबत आणली.

पोप दहावे पायस यांच्या १९०३ च्या आदेशाने ग्रेगोरियन गायनास (पहा : ग्रेगोरियन गायन) अग्रस्थान दिले. त्याच प्रेरणेतून निकोला मोंतानी यांचा ‘सेंट ग्रेगरी हिम्नल’ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. मिस्सेत देशभाषेला व्यापक वाव १९६३ च्या उपासनाविषयक संविधानानंतर (पहा : व्हॅटिकन परिषद, दुसरी) मिळाला.