बाहेरच्या हवेचा भार आणि पोलादी कडी

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. 6 एप्रिल 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 2600 कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटर गेलेल्या दोन नळ्या आणि आत जवळजवळ संपूर्ण पोकळी, असे तिचे रूप असेल.

अशा नळीला आतून फुटण्याची भीती नसते; बाहेरची हवा तिला चेपू पाहते. हे कोडे गिरण्यांच्या काळातले आहे.

विल्यम फेअरबेर्न आणि जॉन हेदरिंग्टन यांनी 1844 मध्ये लँकेशायर बॉयलरचे पेटंट घेतले. त्याच्या बाहेरच्या कवचाला वाफ आतून फुगवायची, पण पाण्यातून जाणाऱ्या भट्टीच्या दोन नळ्यांना तीच वाफ बाहेरून दाबायची. नळीच्या लांबीने तिच्या ताकदीत फरक पडत नाही, असाच तेव्हा समज होता. फेअरबेर्नने नळ्या मुद्दाम चेपून पाहिल्या आणि 1858 मध्ये निष्कर्ष छापला: लांबी दुप्पट केली की नळी जवळपास निम्म्या दाबाला बसते. उपायही त्यानेच सुचवला. ठरावीक अंतरावर मजबूत कडी बसवली, की एक लांब नळी अनेक आखूड नळ्यांसारखी वागते.

भारतात बॉयलरचा कायदा अपघातामागून आला. 1863 मध्ये कोलकात्यात बॉयलर फुटला, पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणी सक्तीची झाली, आणि 1923 मध्ये देशभरासाठी बॉयलर कायदा झाला.

ऊसपट्ट्यात आतला आणि बाहेरचा असे दोन्ही दाब एकाच आवारात नांदतात. वसमतच्या पूर्णा कारखान्यासारख्या ठिकाणी गळीत हंगामाआधी बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. त्याच्या ड्रममध्ये वाफ आतून रेटते. पलीकडे पॅनमध्ये निर्वातात पाक कमी तापमानावर उकळतो, म्हणून साखर करपत नाही. तिथे भार बाहेरच्या हवेचा.

लायगोत हाच भार पातळ पत्र्यावर येतो. अमेरिकेतल्या लायगोची नळी सुमारे 1.2 मीटर व्यासाची, पण स्टेनलेस स्टीलचा पत्रा जेमतेम 3 मिलिमीटरचा. आतून दाब दिला तर ती कित्येक वातावरणे सहज पेलेल. बाहेरून मात्र, कडी नसतील तर, गणित सांगते की एका वातावरणाच्या दहाव्या हिश्शालाही ती टिकणार नाही. म्हणूनच त्या नळीवर ठरावीक अंतराने पोलादी कडी जोडलेली आहेत, फेअरबेर्नने भट्टीच्या नळ्यांसाठी सुचवलेल्या त्याच कारणासाठी.