पिंपरीच्या मातीतलं औषध

हॅमायसिन या बुरशीनाशकाचं कूळ पिंपरीच्या मातीत आहे. तिथल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कंपनीची स्थापना १९५४ची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साहाय्याने पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिनचा शोध लंडनचा. हॅमायसिन मात्र अस्सल इथलं. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात ते इथल्याच मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूपासून मिळवलं. जीवाणूच्या नावात पिंपरी आली, औषधाच्या नावात कंपनी. आपल्या औषधनिर्मितीच्या इतिहासात या शोधाला मिळायला हवं तेवढं स्थान मिळालेलं नाही, असं मला वाटतं. आणि संसर्गाशी मुख्य लढा शरीरच देतं, औषध त्याला हात देतं, हे अशा बुरशीनाशकांच्या बाबतीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

जीवाणूच्या पेशीला भिंत असते, आपल्या पेशीला नसते. पेनिसिलिन त्या भिंतीची बांधणीच रोखतं, म्हणून आपल्या पेशी सुरक्षित राहतात. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीच्या बरीच जवळची. हॅमायसिन आणि त्याचं भावंड अँफोटेरिसिन बुरशीच्या पटलातल्या एर्गोस्टेरॉलला चिकटून पटलाला छिद्रं पाडतात. पण आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल त्याच घराण्यातलं. त्यामुळे शिरेतून दिलेलं अँफोटेरिसिन मूत्रपिंडांना जाचतं, मात्रा हवी तेवढी वाढवता येत नाही. उरलेलं काम बुरशी गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच करावं लागतं.

मग औषधाचं मोल ते काय, असं कुणी विचारेल. मोल मोठंच आहे. २०२१मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांचे नातेवाईक अँफोटेरिसिनसाठी वणवण फिरत होते, ते उगाच नव्हे. पण त्या बुरशीचे बीजाणू एरवीही आपल्या श्वासातून आत जात असतात. आजाराने गाठलं ते बहुतांशी कोविडनंतर साखर बेसुमार वाढलेल्यांना आणि स्टेरॉइड घेतलेल्यांना, म्हणजे ज्यांच्या पांढऱ्या पेशी दुबळ्या झाल्या होत्या त्यांना. म्हणूनच डॉक्टर केवळ इंजेक्शनवर विसंबले नाहीत. सडलेला भाग कापून काढणं आणि साखर ताब्यात आणणं हेही उपचारच होते. बुरशीमुळेच होणारं गजकर्ण तर धडधाकट माणसालाही होतं, हा आक्षेप खरा आहे. मात्र ते त्वचेच्या मृत थरावर वाढतं. आतली ऊब बहुतेक बुरशींना सोसत नाही, आणि जिला सोसते तिची गाठ पांढऱ्या पेशींशी पडते.