'पॉइंट' : घरगुती वीजजोडणीच्या आकारणीचे एक परिमाण

इमारतीच्या कामात गुंतलेल्या बहुतेक कारागिरांच्या मजुरीला एक दृश्य माप असते. गवंड्याचे काम ब्रासवर मोजले जाते, रंगाऱ्याचे चौरस फुटांवर, सुताराचे लाकडाच्या घनफुटांवर अथवा नगावर. विजेची जोडणी करणारा वायरमन मात्र लांबी, क्षेत्रफळ आणि वजन या तिन्ही मापांना बाजूस सारून 'पॉइंट' या परिमाणात आपली आकारणी सांगतो. हे परिमाण मोजपट्टीने मोजता येत नाही. बटणापासून दिव्यापर्यंत, पंख्यापर्यंत किंवा घंटेपर्यंत जे काही करावे लागेल, ते सर्व मिळून एक पॉइंट होय. मग ते अंतर चार फूट असो वा चौदा.

अशा परिमाणात सरासरीचे तत्त्व गृहीत धरलेले असते. नव्या इमारतीत जवळचे आणि दूरचे पॉइंट एकमेकांची भरपाई करतात, म्हणून तेथे ही सरासरी सामान्यतः न्याय्य ठरते. परंतु जुन्या घरातील जोडणी काढून तेथे नवी बसवावयाची असते तेव्हा खर्चाची आणि धोक्याची मुख्य स्थाने पॉइंटच्या व्याख्येबाहेर पडतात. हे कसे घडले याचा शोध मुख्यतः मुंबईच्या व्यवहाराच्या आधारे घेता येतो.

मुंबईत विजेचा दिवा प्रथम आला तो घरात नव्हे, बाजारात. १८८२ साली ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लावले. पण पुढच्याच वर्षी ती कंपनी बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे लागले. शहराला विजेचा स्थिर पुरवठा होऊ लागला तो १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाल्यानंतर. १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा जलविद्युत् केंद्राची वीज मुंबईस मिळू लागली, आणि त्यापुढील दशकांत गिरगाव, दादर, माटुंगा येथील चाळींत व इमारतींत घरगुती जोडण्या वाढत गेल्या.

या काळातील जोडणी लाकडाची होती, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. व्हल्कनाइझ केलेल्या रबराचे आवरण, त्यावर फीत व सुती विणीचे वेष्टन असलेली कल्हई केलेल्या तांब्याची वायर दोन खाचा असलेल्या सागवानी पट्टीत बसवीत आणि वरून लाकडी झाकणपट्टी स्क्रूने आवळीत. हेच 'केसिंग-कॅपिंग'. भिंतीत लाकडी खुंट्या ठोकावयाच्या, पट्टी कोपऱ्यावर तिरपी कापून सांधावयाची, छताशी गोल लाकडी ठोकळा बसवावयाचा, या सर्व कृती सुतारकामाच्या आहेत. प्रारंभीचा वायरमन निम्मा सुतारच होता. पुढे कठीण रबराचे आवरण असलेली वायर उघड्या सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसविण्याची पद्धत रूढ झाली. ती स्वस्त आणि जलद होती, पण तिच्यातही श्रमाचा मोठा वाटा लाकूड व भिंत यांवरच खर्च होई.

आता या कामाची किंमत ग्राहकाला कोणत्या भाषेत सांगावयाची? वायरची लांबी त्याला दिसत नाही, पट्टीचे सांधे त्याला मोजता येत नाहीत. त्याला समजतो तो दिवा. इंग्लंडमधील कंत्राटदारांत 'पॉइंट'मागे दर सांगण्याची रीत होतीच. वायर, होल्डर, सीलिंग रोझ आणि फ्यूज यांच्याबरोबर हा शब्दही येथे आला. मात्र मराठीत तो नुसता उसना राहिला नाही. 'येथे एक पॉइंट काढून द्या' असे घरधनी म्हणतो, तेव्हा 'पाट काढणे', 'वाट काढणे' यांतलेच क्रियापद त्याच्या तोंडी असते. मुख्य प्रवाहातून एक फाटा आपल्याकडे वळविणे ही कल्पना शेतकऱ्याच्या भाषेतून सहज विजेकडे आली. 'फिटिंग' या शब्दाचेही असेच झाले. इंग्रजीत तो दिव्याच्या साधनाला लागतो, तर मुंबईच्या मराठीत 'लाइट फिटिंग' म्हणजे घरातील संपूर्ण वायरिंग.

परिमाण एकदा रुळले की त्याचे अपूर्णांक आणि पटी तयार होतात. बटणांच्या बोर्डावरच बसविलेला प्लग हा 'अर्धा पॉइंट', कारण त्यासाठी वायर छतापर्यंत न्यावी लागत नाही. पाणी तापविण्याच्या साधनासाठी जाड वायरचा 'पॉवर पॉइंट' हा पुष्कळ ठिकाणी दोन पॉइंटांच्या बरोबरीचा धरतात. बिंदूचे अर्धे करता येत नाहीत, हे भूमितीचे सूत्र वायरमनने कधीच मानले नाही. दर ठरविण्याच्या दोन रीती दिसतात. पहिलीत माल घरमालकाचा आणि मजुरी पॉइंटवर. दुसरीत मालासह दर, म्हणजे एका अर्थी उक्ते काम. पहिल्या रीतीत वायरमनचा लाभ कामाच्या वेगात असतो, दुसरीत मालाच्या बचतीत. वायर किती जाड असावी, याचे उत्तर पुष्कळदा या निवडीवर ठरते.

जाडीच्या या प्रश्नाला मापपद्धतीच्या बदलाने एक विलक्षण वळण दिले. जुनी वायर तारांची संख्या आणि इंग्रजी गेज यांनी ओळखली जाई : एक-अठरा, तीन-बावीस, सात-वीस. तीन-बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा. १९५८ पासून देशात दशमान मापे लागू होऊ लागली आणि पुढे वायरची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये सांगण्यात येऊ लागली. परंतु दुकानातील भाषा बदलली नाही. तीन-बावीसचे क्षेत्रफळ हिशेबाने सुमारे १.१९ चौरस मिलिमीटर येते, आणि नव्या श्रेणीत या आकड्याची वायरच नाही. तिच्या खाली १.० आहे, वर १.५ आहे. मग 'तीन-बावीस टाकतो' या शब्दांचे भाषांतर काय करावयाचे? एक चौरस मिलिमीटरची वायर टाकणारा आणि दीडची टाकणारा, दोघेही आपण वचन पाळले असे म्हणू शकतात. वायरची गुंडाळी आज ९० मीटरची असते (ती जुन्या १०० वारांच्या गुंडाळीची वारस होय). दीडच्या गुंडाळीत सुमारे १.२ किलो तांबे असते, एकच्या गुंडाळीत सुमारे ०.८ किलो. पॉइंटचा दर एकच राहिला, तरी दर गुंडाळीमागे ४०० ग्रॅम तांब्याचा फरक एका शब्दाच्या संदिग्धतेत सामावून जातो.

सरकारी बांधकाम खात्यांनी ही संदिग्धता ओळखली होती. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांत पॉइंटची व्याप्ती बटणापासून निर्गमस्थानापर्यंत आखलेली आहे. मुख्य फलकापासून बटणांच्या बोर्डापर्यंतची वायर मात्र पॉइंटमध्ये धरलेली नाही. तिची आकारणी मीटरच्या लांबीवर स्वतंत्रपणे होते. म्हणजे तेथे परिमाणे दोन आहेत आणि एक दुसऱ्याची उणीव भरून काढते. खासगी व्यवहाराने यांतील पॉइंट तेवढा उचलला. लांबीचे माप बहुधा कागदावर येतच नाही.

नवीन घरात याने फारसे बिघडत नाही. जुन्या घराचे उदाहरण घेतले म्हणजे अंतर स्पष्ट होते. समजा, गिरगावातील एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे बिऱ्हाड आहे. चार दिवे, दोन पंखे, बोर्डावर दोन प्लग, एक पॉवर पॉइंट आणि एक घंटा. रूढ हिशेबाने चार, दोन, एक, दोन आणि एक मिळून दहा पॉइंट झाले. दर ठरला, गुणाकार झाला, आकारणी संपली. पण कामाचा प्रारंभ अद्याप व्हावयाचा आहे. रबर वाळून भुगा झालेली जुनी वायर काढावी लागेल. खुंट्या उपटल्यावर चुन्याच्या गिलाव्याचे पोपडे पडतील, ते भरावे लागतील. नवीन नळ्या भिंतीत दडवावयाच्या असतील तर झिरी मारावी लागेल, आणि शंभर वर्षांच्या विटांच्या भिंतीत ती सरळ जाईल याची हमी कोणीही देणार नाही. घरात माणसे राहत आहेत, संध्याकाळी दिवा लागलाच पाहिजे, म्हणून एकाच दिवशी सर्व तोडता येत नाही. जुने तांबे कोणी न्यावयाचे हा प्रश्नही उरतोच, आणि तो आधी बोलला गेला नाही तर शेवटच्या दिवशी भांडणाचे निमित्त होतो. यांतील एकही बाब दहा या आकड्यात दिसत नाही. म्हणून अनुभवी वायरमन जुन्या घरासाठी पॉइंटचा दर चढवून सांगतो. ग्राहक शेजारच्या नव्या इमारतीतील दर ऐकून येतो आणि आपण फसविले जात आहोत अशी त्याची समजूत होते. वस्तुतः दोघेही एकाच शब्दाने दोन भिन्न कामे मोजीत असतात.

याहून गंभीर बाब अर्थिंगची. केसिंग-कॅपिंगच्या पट्टीला खाचा दोनच, एक फेजसाठी आणि दुसरी न्यूट्रलसाठी. दिवा व पंखा यांसाठी तिसरी वायर त्या काळच्या घरगुती कामात बहुधा नसेच, आणि प्लगही दोन पिनांचे असत. पॉइंटची किंमत बसली ती या दोन वायरींच्या हिशेबावर. उपरोक्त बिऱ्हाडात बोर्ड जमिनीपासून १.३५ मीटरवर आणि छत ३.६ मीटरवर आहे असे धरले, तर बोर्डापासून छतापर्यंत २.२५ मीटर आणि तेथून दिव्यापर्यंत २.५ मीटर, असा ४.७५ मीटरचा मार्ग होतो. दोन वायरींना ९.५ मीटर लागतात, अर्थची तिसरी वायर घातल्यास १४.२५. पॉइंट एकच, वायर दीडपट. घासाघीस करून दर खाली आणला की प्रथम गळते ती ही तिसरी वायर, कारण तिच्यावाचून दिवा पेटतो आणि पंखा फिरतो. तीन पिनांचा प्लग भिंतीवर दिसतो, आणि त्याच्या मोठ्या छिद्रामागे काहीही जोडलेले नसते. धातूच्या कपाटाच्या फ्रिजला अथवा कपडे धुण्याच्या यंत्राला अशा प्लगातून वीज दिली आणि आतील आवरण फुटले, तर प्रवाहाला जमिनीकडे जाण्यासाठी उरतो तो हात लावणाऱ्या माणसाचा देह.

चाळींच्या बाबतीत आणखी एक अंग लक्षात घ्यावे लागते, आणि ते विजेपेक्षा भाड्याच्या इतिहासाचे आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सामान्यतः १९४० च्या पातळीवर गोठविली. त्याच कायद्यात इमारत राहण्याजोगी दुरुस्त ठेवण्याचे दायित्व मालकावर होते, आणि जिन्यातील व मार्गिकांतील दिवे अत्यावश्यक सेवांत गणले होते. परंतु गोठलेल्या भाड्यातून जिन्याखालच्या मीटरफलकापासून वर चढणाऱ्या मुख्य वायरी बदलण्याची प्रेरणा कोणत्या मालकाला होणार? भाडेकरूने आपल्या खोलीतले वायरिंग बदलले, पुढे फ्रिज घेतला, नंतर वातानुकूलन यंत्र लावले. जिन्यातली वायर मात्र चार दिवे आणि एक पंखा यांच्या हिशेबाने टाकलेली तशीच राहिली. वरील उदाहरणात मीटरपासून खोलीपर्यंत तीन मजल्यांचे सुमारे दहा मीटर आणि गॅलरीतले दहा मीटर असे वीस मीटरचे अंतर धरले, तर तिन्ही वायरी मिळून साठ मीटर होतात. त्यांत पॉइंट किती? शून्य. सर्व खोल्यांचा भार ज्या वायरीवर पडतो तिला या आकारणीत अस्तित्वच नाही. १९९९ चा नवा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, तरी तोवर अनेक जिन्यांतील लाकडी पट्ट्यांवर रंगाचे थरावर थर चढले होते.

कायद्याने या कामावर देखरेख ठेवली नाही असे नव्हे. १९१० च्या भारतीय वीज अधिनियमाखालील १९५६ च्या नियमांत, घरातील जोडणीचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच आणि सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे, अशी तरतूद होती. २००३ च्या विद्युत् अधिनियमानंतर, २०१० आणि २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांतही हे तत्त्व कायम राहिले. पण प्रत्यक्षात कारागीर, कंत्राटदार आणि चाचणी-अहवालावर सही करणारा हे तिघे एकच असतात असे नाही. काम पॉइंटवर मोजले जाते, सही स्वतंत्रपणे. रोधन तपासण्याचे उपकरण लावून चाचणी करावयास लागणारा अर्धा दिवस यांपैकी कोणत्याही रकमेत धरलेला नसतो, त्यामुळे तो अर्धा दिवस पुष्कळदा घडतच नाही. यात वायरमनला दोषी धरणे सोपे आहे. परंतु ज्या श्रमाला दरपत्रकात नाव नाही, तो श्रम त्याने स्वतःच्या पदरचा द्यावा अशी अपेक्षा गवंड्याकडून वा सुताराकडून कोणी करीत नाही.

पॉइंट या शब्दाची मजल पुढे शासकीय योजनांपर्यंत गेली. १९८८-८९ मध्ये सुरू झालेल्या कुटीर ज्योती योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना एका दिव्याची, म्हणजे 'सिंगल पॉइंट' जोडणी देण्यात येई. तेथे पॉइंट हे कारागिराच्या मजुरीचे माप न राहता एका घराच्या हक्काचे माप बनले. शहरातील आकारणीत मात्र त्याचा जुना अर्थ टिकून आहे. आता गळती-प्रवाह तोडणारी साधने आणि एमसीबी यांची किंमत नगावर लावतात, वायरचा ब्रँड नावानिशी लिहितात, अर्थची वायर दरात धरली आहे की नाही हे काही कंत्राटदार स्पष्ट नमूद करतात. पॉइंटांची बेरीज पूर्ण झाल्यावर, कागदाच्या तळाशी, बहुधा रकमेवाचून, एक ओळ असते : 'मेनचे वेगळे.'