युइंग सार्कोमाचे जनुकीय निदान

युइंग सार्कोमा हा हाडांमध्ये किंवा मऊ ऊतींमध्ये उद्भवणारा दुर्मीळ कर्करोग असून तो प्रामुख्याने किशोरवयात आढळतो. ऊतींच्या सूक्ष्मदर्शी तपासणीला जनुकीय चाचणीची जोड दिल्यास त्याचे निदान निश्चित करता येते.

निदानातील अडचणी

मांडीचे हाड, कटिप्रदेशातील हाडे व बरगड्या या ठिकाणी हा रोग अधिक आढळतो. वेदना, सूज आणि कधीकधी ताप ही त्याची लक्षणे होत. वाढत्या वयातील दुखणे, खेळताना झालेली इजा किंवा हाडाचा जंतुसंसर्ग समजून त्यांकडे दुर्लक्ष होते व निदान लांबते. सूक्ष्मदर्शकाखाली या रोगाच्या पेशी लहान, गोल व निळसर दिसतात. लिम्फोमा, रॅब्डोमायोसार्कोमा आणि न्यूरोब्लास्टोमा यांच्या पेशीही तशाच दिसू शकतात; मात्र या रोगांचे औषधोपचार भिन्न असतात. सीडी९९ हे प्रथिन युइंग सार्कोमात बहुधा आढळते, परंतु ते केवळ याच रोगाचे लक्षण नाही.

जनुकीय आधार

अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये या रोगाचे वर्णन केले. या पेशींमध्ये ११ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले जातात, असे १९८३ मध्ये आढळले. त्यातून ईडब्ल्यूएसआर१ आणि एफएलआय१ ही जनुके जोडली जातात, हे १९९२ मध्ये स्पष्ट झाले. सुमारे ८५ टक्के रुग्णांत हे संयुक्त जनुक आढळते. उरलेल्यांपैकी बहुतेकांत एफएलआय१ऐवजी ईआरजी हे जनुक असते. संयुक्त जनुकापासून तयार होणारे प्रथिन इतर अनेक जनुकांचे नियंत्रण बिघडवते.

चाचण्या व मर्यादा

‘फिश’ चाचणीत चकाकणाऱ्या रंगखुणांच्या साहाय्याने ईडब्ल्यूएसआर१ जनुक तुटले आहे का, हे पाहतात. हे जनुक इतर काही अर्बुदांतही तुटलेले असते. म्हणून त्याचा जोडीदार ओळखण्यासाठी आरटी-पीसीआर किंवा आरएनए क्रमनिर्धारण करतात. हाडाचा नमुना मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल वापरल्यास डीएनए व आरएनए यांचा ऱ्हास होतो. त्यामुळे नमुन्याचा काही भाग आम्लाविना राखून ठेवावा लागतो.

आनुवंशिकता

हा जनुकीय बदल अर्बुदाच्या पेशींत जन्मानंतर घडतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो. त्यामुळे चाचणीचा अहवाल ‘जनुकीय’ असला, तरी रोग घराण्यातून आला असा त्याचा अर्थ होत नाही.